सदर बँड वाजत नाही

फाइल परत आली ती लाल शाईसकट.

"आयटम ७, ११ व १४ : बँड, एकूण तीन. शेतीवरील संकट पाहता शासकीय कार्यक्रमात वाद्यांवर खर्च करू नये अशा सूचना आहेत. तिन्ही बँड वगळावेत."

खाली सही होती, बोंडे.

मी शाळा बांधत होते. मुकुटबनच्या अलीकडच्या एका गावात दोन खोल्या, पुढे व्हरांडा, वर टिनाचं छप्पर. कार्यक्रम कुठलाच नव्हता.

इथे बँड म्हणजे काय ते आधी सांगते. विटांची भिंत वरून येणारं ओझं मुकाट सोसते. आडवा धक्का मात्र तिला सोसत नाही. भूकंपात जमीन आडवी हलते. चार भिंती चार दिशांना जायला निघतात, कोपरे उघडतात आणि छप्पर आतल्या माणसांवर येतं. त्यावरचा उपाय साधा आहे. काँक्रीटचा, वीतभराहून कमी उंचीचा पट्टा, आत दोन सळया. तो सगळ्या भिंतींवरून सलग फिरवायचा, कोपऱ्यातसुद्धा तोडायचा नाही. एक जोत्यावर, तो प्लिंथ बँड. एक दारं-खिडक्यांच्या डोक्यावर, तो लिंटेल बँड. आणि छप्पर टिनाचं असेल तर त्याच्या खाली एक, तो रूफ बँड. आमच्याकडे हे समजायला कापसाच्या प्रेसमधून निघालेली रुईची गाठ पाहावी. लोखंडी पट्ट्या आहेत तोवर ती गाठ असते. पट्ट्या कापल्या की खोलीभर कापूस.

लातूरकडच्या भूकंपानंतर आम्हा इंजिनिअरांना ट्रेनिंगला पाठवलं होतं. बहुतेक जण तिथून एक रेक्झिनची बॅग घेऊन परतले. मी बॅग आणि बँड, दोन्ही आणलं. आमच्या ऑफिसात शाळांसाठी एक टाइप प्लॅन होता. टाइप प्लॅन म्हणजे एकच नकाशा, त्याच्यावर जिल्हाभर शाळा. तो नकाशा ज्यांनी काढला त्यांनी बँड काढला नव्हता. मी सुधारित एस्टिमेट करून तीन बँड घातले आणि फाइल वर पाठवली.

बोंडे बाबू आमच्या लेखा शाखेत होते. ते वाईट नव्हते, लाचखाऊ तर अजिबातच नव्हते. आदल्या वर्षी कोणीतरी एका पाहुण्याची स्वागतकमान 'बांबू सेंट्रिंग', म्हणजे स्लॅबखालचे टेकू, म्हणून त्यांच्याकडून पास करून घेतली होती. खुलासा द्यावा लागला तो बोंड्यांना. तेव्हापासून ते प्रत्येक आयटमकडे त्याच्यामागे कोणीतरी लपलं आहे अशा नजरेने पाहत. आणि त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात लपलेलं बरंच असे. कापसाचा भाव पडला होता आणि पाहुणे वाढले होते. समित्या येत, पाहणी करत, शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर फोटो काढत, जेवत आणि जात. प्रत्येक समितीला हार, मंडप आणि बँड लागायचा. शेवटी वरून सूचना आली की हे सगळं बंद करा. बोंड्यांनी ती मनावर घेतली. मनावर घेणारे तेवढे एकटेच होते.

मी आमच्या वानखडे साहेबांकडे गेले.

"साहेब, हा बँड वाजणारा नाही."

"मले माहीत आहे हो मॅडम. मी बी इंजिनिअरच आहो."

"मग सही करा ना."

"बोंडेच्या लाल शाईवर मी हिरवी शाई कशी चालवू? उद्या ऑडिटवाला मले विचारन, 'काहून जी, कापसाले भाव नाई अन् तुमी तीन-तीन बँड लावले?' तुमी एक खुलासा लिहा. साधा लिहा, बोंडेले समजन असा."

मी साधा लिहिला. "सदर बँड वाजत नाही."

दोन दिवसांनी फाइल आली. "जो बँड वाजत नाही, त्यावर खर्च करण्याचे प्रयोजन काय?"

मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्याच्या तर्कात चूक सापडेना.

इकडे साइटवर पाया भरून झाला होता. काम जोत्यापर्यंत येऊन थांबलं होतं. प्लिंथ बँड जोत्यावर बसतो. त्याच्यावर विटा चढल्या की संपलं, मागाहून तो आत सरकवता येत नाही. म्हणजे लाल शाई पुसली जाईपर्यंत काम थांबवणं भाग होतं, आणि थांबायला कोणाला वेळ नव्हता.

सगळ्यात कमी वेळ होता आत्राम बाईंना. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. जुनी शाळा पडायला आली म्हणून त्यांनी पोरांना गावातल्या बंद जिनच्या शेडमध्ये बसवलं होतं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तो दोन वर्षं बंद होता. यंदा एका व्यापाऱ्याने तो भाड्याने घेतला आणि बाईंना सांगितलं, दिवाळीनंतर शेड रिकामी पाहिजे, माझा कापूस येणार.

"कापूस आत अन् पोरं बाहेर," बाई मला म्हणाल्या. "जुन्या शाळेत मी त्याइले परत नाई बसवत. तिची भिंत मी डस्टर आपटला तर हालते. मॅडम, तुमचं ते बँडचं काय आहे ते लवकर वाजवा नाईतर सोडून द्या."

"सोडलं तर नवी शाळा पण जुनीसारखीच होईल, बाई."

"मंग नका सोडू," बाई म्हणाल्या. "पन लवकर."

रामटेके मिस्त्री जोत्यावर बसून विडी ओढत होते. तीस वर्षं भिंती बांधलेला माणूस. त्यांनी मला मुदत दिली.

"सोमवारपर्यंत थांबतो जी. सोमवारी पायटे विटा चढवतो. ठेकेदारानं मले दुसऱ्या गावी बी कबूल करून ठेवलं हाय. थो रोज मानूस पाठवून राह्यला."

तेवढ्यात सरपंच आले. त्यांच्यामागे एक गृहस्थ होते. लाल कोट, सोनेरी झालर, पायात स्लिपर. सरपंचांनी ओळख करून दिली, "हे आमचे साळे. ढाणकीले ह्यांचा बँड हाय. मुद्दाम बोलावलं."

एस्टिमेटची एक प्रत ग्रामपंचायतीला जाते. सरपंचांनी ती वाचली होती.

"नमस्कार मॅडम," लाल कोट म्हणाले. "तीन बँड लागते म्हनून समजलं. माहा एकच हाय, पन तीन ठिकानी वाजवू. मले फक्त एवढं सांगा, प्लिंथ बँड म्हणजे जोत्यावर बसून वाजवाचा ना?"

मी काही बोलायच्या आत ते पुढे गेले होते.

"लिंटेल म्हणजे दाराच्या वरतं. तेही जमते, दोन टेबलं मांडून देजा. पन रूफ बँड म्हणजे टिनावर चढाचं ना जी? तिथं अडचन हाय. माहा ढोलवाला वजनानं भारी हाय. टिन दबन."

मी त्यांना समजावलं. सळया, काँक्रीट, भूकंप. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वाजवाचं नाई?"

"नाही."

"भूकंप आल्यावर बी नाई?"

"तेव्हा तर नाहीच."

ते सरपंचांकडे वळून म्हणाले, "भाऊजी, तुमी मले ढाणकीहून कायले बोलावलं?" आणि कोट काढून खांद्यावर टाकून बस स्टँडकडे चालू लागले.

ऑफिसात आल्यावर वानखडे साहेबांनी तोडगा सांगितला. "मॅडम, शब्दच बदलून टाका. इंग्रजी काढा. शुद्ध मराठी लिहा. बँडले मराठीत काय म्हनते?"

"पट्टी."

"मंग पट्टी लिहा."

मी नवं पान केलं. जोते पट्टी, चौकट पट्टी, छप्पर पट्टी. बोंड्यांनी हरकत घेतली नाही. मला आनंद झाला. एक प्रत नियमाप्रमाणे ग्रामपंचायतीला गेली आणि सरपंचांनी ती ग्रामसभेत लाउडस्पीकरवर वाचली.

आत्राम बाईंचा फोन आला. "मॅडम, ताबडतोब या. गाव पेटून राह्यलं."

मी पोचले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उभे राहून बोलत होते. "घरपट्टी आमी भरतो. पानीपट्टी आमी भरतो, नळाले पानी नाई. यंदा कापसाचं हे असं. अन् सरकार म्हनते जोतेपट्टी द्या! जोतं माहा, माहा बापानं बांधलं!"

"अन् छप्परपट्टी!" मागून एक बाई ओरडली. "टिनावर बी कर? गवताच्या छपराले माफ हाय का?"

मी माइक घेतला. "हा कर नाही. ही आत लोखंड घातलेली पट्टी आहे. शाळेसाठी आहे."

एक जण माझी बाजू घ्यायला उठला. "शाळेत पट्टी लागतेच ना बाप्पा. रेघा कशा मारन पोट्टे?"

"लागते ना!" म्हातारे गृहस्थ कडाडले. "पन लाकडाची लागते. लोखंडाची कायले? पोरं मारता का?"

आत्राम बाई खुर्चीतून उठल्या. "माह्या शाळेत पट्टीनं कोनी मारत नाई," त्या म्हणाल्या. पण तोवर ठराव झाला होता. लोखंडी पट्टीस गावाचा तीव्र विरोध, एकमताने. ठरावाची प्रत ऑफिसात माझ्या आधी पोचली.

हा गुरुवार होता.

शुक्रवारी सकाळी मी 'पट्टी' खोडून 'पट्टा' केलं. एका वेलांटीच्या जागी एक काना. त्याने काही बिघडेल असं वाटलं नव्हतं. अकरा वाजता बोंडे स्वतः माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, पट्टा म्हणजे जमिनीचा ना?"

"नाही हो. काँक्रीटचा."

"पट्टा जमिनीचा असते. मोजून देते, सातबाऱ्यावर चढते. तो द्यायचा अधिकार आपल्या ऑफिसले नाई. हे मले महसूलकडे विचारा लागन."

आणि त्यांनी खरोखरच विचारलं. तहसीलमधून त्याच दिवशी उत्तर आलं. इतकं जलद उत्तर मी नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. शंका ज्यांनी काढली त्यांनी स्वतः जागेवर जाऊन पाहणी करावी व अहवाल द्यावा. बोंडे बाबूंच्या सगळ्या नोकरीत त्यांना साइटवर जायची ही पहिली वेळ. लाल शाईनेच त्यांना जीपमध्ये बसवलं.

शनिवारी आम्ही निघालो. बोंडे पुढच्या सीटवर, मांडीवर फाइल, हातात छत्री. साइटवर उतरल्यावर त्यांनी जोत्याभोवती एक फेरी मारली. फेरी मारताना ते जमिनीकडेच पाहत होते. पट्टा कुठून कुठपर्यंत आहे ते शोधत असावेत.

"इथं तर काहीच नाई," ते म्हणाले.

"नाहीच आहे, बोंडे," मी म्हटलं. "तो बांधायला तुमची परवानगी पाहिजे."

रामटेके मिस्त्री हे सगळं ऐकत होते. त्यांनी विडी विझवली आणि बोंड्यांसमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, राग मानू नका. तुमचा पट्टा सोडता का जरासा?"

"कोनता पट्टा?"

"कमरेचा जी."

बोंडे गोंधळले. पण मिस्त्रींच्या आवाजात काहीतरी असं होतं की नाही म्हणता येईना. तीस वर्षं ओळंबा धरणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. बोंड्यांनी इकडेतिकडे पाहिलं, फाइल माझ्याकडे दिली आणि पट्टा सोडला. मी आकाशाकडे पाहू लागले. आकाश स्वच्छ होतं.

"आता जाग्यावर हाला," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे?"

"हाला जी. भूकंप आला समजा. डावीकडे, उजवीकडे. जोरानं!"

बोंडे हलले. सरकारी माणूस हुकूम मिळाल्यावर हलतो तसे, आधी हळू, मग मन लावून. तिसऱ्या हेलकाव्याला पॅन्टने जागा सोडली. "अरे बाप्पा!" म्हणत त्यांनी दोन्ही हातांनी ती वरच्यावर धरली. छत्री जोत्यात पडली. समोरच्या जिनच्या शेडच्या दारातून पाहत असलेली पोरं जोरात हसली आणि आत्राम बाईंनी त्यांना "चूप!" म्हणताना स्वतःचं हसू पदराआड दाबलं.

"समजलं?" मिस्त्रींनी विचारलं. "पॅन्ट चांगली हाय. कपडा चांगला, शिलाई बी चांगली. तुमी उभे रायले तर ते बी उभी रायते. हालले का गेली. भिंतीचं तसंच हाय. हे पोट्टे आत बसते जी."

बोंड्यांनी शेडच्या दाराकडे पाहिलं. पोरं अजून हसत होती. मग त्यांनी पट्टा बांधला, नेहमीपेक्षा एक छिद्र घट्ट.

"असं आधी काहून नाई सांगितलं?" त्यांनी मला विचारलं.

मी तीनदा फाइल लिहिली होती, सोबत ट्रेनिंगच्या पुस्तिकेची झेरॉक्सही लावली होती. मी फाइल त्यांच्या हातात परत दिली.

"पन मॅडम," बोंडे म्हणाले, "आता लिहू काय? बँडले बंदी हाय. पट्टीविरुद्ध ग्रामसभेचा ठराव हाय. पट्टा महसूलच्या फाइलीत अडकला. चौथा शब्द सांगा."

मला वेष्टन, मेखला, वलय असे दोन-चार शब्द सुचले. प्रत्येकावर कुठली हरकत येईल तेही दिसलं. 'मेखला' म्हटल्यावर बोंडेच म्हणाले, "तो दागिना होते. वित्तीय नियम पाहा लागन."

मिस्त्री हसले. "आमी करदोडा म्हनतो जी."

लहान पोराच्या कमरेला काळा दोरा बांधतात तो करदोडा. मी मिस्त्रींकडे वळले. "तुम्ही आधीपासून म्हणता?"

"माहा उस्ताद म्हने. घराले करदोडा असावा. पहिले लाकडाचा बसवत. मंग ठेकेदार आले अन् करदोडा गेला. तुमी 'बँड, बँड' करून राह्यले, मले वाटलं नवीन काही असन."

म्हणजे मी ट्रेनिंगहून जे आणलं होतं ते या माणसाला त्याच्या तरुणपणापासून माहीत होतं. फक्त मी त्याला विचारलं नव्हतं.

बोंडे बोटांवर काहीतरी मोजत होते. परिपत्रकं आठवत असावेत.

"करदोड्यावर कुठलीच सूचना नाई," ते शेवटी म्हणाले. आवाजात जरा खंत होती. मग त्यांनी जीपच्या बॉनेटवर फाइल ठेवली आणि लाल नव्हे, निळ्या शाईत लिहिलं: "समक्ष पाहणी केली. भूकंप करदोडा, तीन, इमारतीच्या कमरेस आवश्यक असल्याची खात्री पटली. शिफारस." त्या संध्याकाळी वानखडे साहेबांनी घरी चहा पिता पिता हिरव्या शाईत सही केली आणि 'कमरेस' या शब्दावर थोडा वेळ पेन धरून ठेवलं. पण खोडलं नाही.

सोमवारी सकाळी रामटेके मिस्त्रींनी जोत्यावर सळया मांडल्या. मी कोपरे तपासायला गेले होते. नवशिके मिस्त्री सळई कोपऱ्यातच तोडतात, तिथेच सगळा खेळ संपतो. मिस्त्रींनी चारही कोपऱ्यांत सळई वळवून पुढच्या भिंतीत हातभर नेली होती. माझ्यासाठी काम शिल्लक नव्हतं. मी पोरांबरोबर शेंगदाणे खाल्ले आणि परत आले.

काम घाईत झालं, दिवाळीच्या पुढेही थोडं गेलं. मधले आठ दिवस पोरं कडुनिंबाखाली बसली आणि शेडमध्ये कापूस शिरला. नवव्या दिवशी ती नव्या खोल्यांमध्ये गेली. उद्घाटन झालं नाही. ज्यांच्या हस्ते व्हायचं होतं ते एका समितीबरोबर दुसऱ्या तालुक्यात होते. आत्राम बाईंनी स्वतःच कुलूप उघडलं आणि पहिली घंटा दिली.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचा फोन आला. "मॅडम, भेग पडली."

मी चप्पल शोधत बसले नाही, तशीच निघाले. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तीही इमारतीला आपल्या परीने हलवत असते, फक्त सावकाश. जिल्ह्यातल्या टाइप प्लॅनच्या कितीतरी भिंती तिने उभ्या चिरल्या होत्या. मी दोन्ही खोल्यांच्या भिंती आतून-बाहेरून पाहिल्या. एक रेघसुद्धा नव्हती. भेग पडली होती ती बाहेरच्या पायऱ्यांना. त्यांना बँड नव्हता.

मी दुरुस्तीचं छोटं एस्टिमेट पाठवलं. ते लाल शाईत परत आलं. "पायऱ्यांना करदोडा का बांधला नाही? खुलासा करावा. बोंडे."

भूकंप काही अजून आलेला नाही. न येवो. त्यामुळे ती शाळा किती मजबूत आहे हे मला शपथेवर सांगता येणार नाही, आमच्या धंद्याची ही अडचणच आहे. पण त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत मी एक पद्धत पाळली. एस्टिमेट टाइप करायला देण्याआधी मी ते साइटवरच्या मिस्त्रीला वाचून दाखवायचे. आकडे बहुतेक वेळा माझे बरोबर निघत. शब्द त्याचे घ्यावे लागत.